नोंदीतील संदेश : साचा, घटक आणि वाक्य

संगणकाची आज्ञावली चालू असताना घडणाऱ्या घटनांची टिपणे ठेवण्याचे काम ज्या साहाय्यक आज्ञावलीकडे सोपविले जाते, तिला लॉगिंग लायब्ररी म्हणतात. मूळ आज्ञावलीने या लायब्ररीच्या हाती नेमके काय द्यावे, यासंबंधी उभयतांत जो करार असतो तोच संदेशाचा इंटरफेस होय. वरवर पाहता हा प्रश्न यंत्रविद्येचा वाटतो. वस्तुतः ‘वाक्य केव्हा सिद्ध करावे?’ हा त्याचा गाभा आहे.

एखाद्या ग्रंथालयाच्या देवघेवीचे उदाहरण घेऊ. ‘सभासद ४२१ यांस ग्रंथ १७ देता आला नाही’ हे वाक्य आज्ञावलीने स्वतःच जुळवून पाठविले, तर दोन अडचणी संभवतात. पहिली अशी की, त्या पातळीच्या नोंदी बंद ठेवलेल्या असल्या तरीही वाक्य जुळविण्याचे श्रम होतातच. दुसरी अधिक गंभीर आहे. ग्रंथ १७ कितीदा नाकारला गेला, हे पुढे शोधावयाचे झाल्यास सिद्ध वाक्य पुन्हा फोडावे लागते. आणि शब्दयोजनेत किंचित बदल झाला तरी ती फोड चुकते.

याकरिता साचा आणि घटक वेगळे ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ‘सभासद {} यांस ग्रंथ {} देता आला नाही’ हा साचा स्थिर राहतो; ४२१ व १७ हे घटक स्वतंत्रपणे जातात आणि गरज पडेल तेव्हाच वाक्य सिद्ध होते. जावा भाषेकरिता असलेल्या ‘लॉगफोरजे २’ या लायब्ररीत संदेश ही एक स्वतंत्र वस्तूच मानलेली आहे. तिच्याकडून सिद्ध मजकूर, घटक आणि दोष घडला असल्यास त्याचे वर्णन, ही पृथक् मागता येतात. मात्र वाक्यसिद्धी लांबणीवर टाकल्याने एक नवे पथ्य उत्पन्न होते. मधल्या काळात एखाद्या घटकाचे मूल्य बदलले, तर घडलेले एक आणि नोंदले दुसरेच, असे होईल. म्हणून घटक एक तर अपरिवर्तनीय असावेत, नाही तर त्यांची प्रत तत्काळ घ्यावी.

साचा व घटक यांतील भेद पुसला गेल्यास काय ओढवते, हे डिसेंबर २०२१ मध्ये जगास दिसून आले. उपर्युक्त लायब्ररी वाक्य सिद्ध झाल्यानंतर त्यात विशिष्ट संकेत शोधीत असे व आढळल्यास त्यांचा अर्थ लावून कृती करीत असे. सिद्ध वाक्यात साच्याचा भाग कोणता आणि परक्याने पुरविलेला घटक कोणता, हे ओळखण्याचे साधन तेथे उरत नव्हते. परिणामी, एखाद्याने आपल्या नावाच्या जागी तसा संकेत लिहिला आणि त्याची नोंद झाली, तर दूरच्या संगणकावरील आज्ञावली आणून चालविली जाण्याचा मार्ग मोकळा होई. ‘लॉगफोरशेल’ या नावाने हा दोष ओळखला जातो. तीव्रतेच्या प्रचलित मापनात त्यास १० पैकी १० गुण देण्यात आले. त्याच महिन्यात निघालेल्या २.१६.० या आवृत्तीत संदेशातील संकेतांचा अर्थ लावण्याची सोयच काढून टाकण्यात आली. उद्धृत केलेले वचन ही आज्ञा नव्हे, हा विवेक येथे सुटला होता.

साच्याची पद्धत मराठीत आणताना आणखी एक विचार करावा लागतो. इंग्रजी साच्यात नाम घातले की बहुधा भागते. मराठीत ‘{} दिला’ हा साचा ग्रंथास चालेल; पण पोथी ‘दिली’ आणि पुस्तक ‘दिले’ असेच म्हणावे लागते. ‘{}ची मुदत संपली’ या साच्यातून तर ‘ग्रंथची मुदत’ असे अशुद्ध रूप निपजते, कारण प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप व्हावे लागते. यावर सोपा उपाय समानाधिकरणाचा आहे : ‘“{}” या ग्रंथाची मुदत संपली’. येथे लिंग व विभक्ती यांचा भार ‘ग्रंथ’ हे स्थिर नाम वाहते आणि घटक मूळ रूपात अबाधित राहतो.

सारांश, चांगल्या इंटरफेसने साचा कोणाचा आणि घटक कोणाचा, हा भेद शेवटपर्यंत जपावा. घटकाचा अर्थ आज्ञा म्हणून कदापि लावू नये. आणि वाक्य हे नोंदीचे अंतिम दर्शन मानावे, नोंदीचे मूळ द्रव्य नव्हे. नोंद वाचणारा मनुष्य बहुधा संकटाच्या वेळीच तिच्याकडे वळतो. त्या वेळी काय घडले, हे तिने निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.