सरकारी खांब पाडला, भरपाई कोणाची?

महाड-पोलादपूर भागात आपल्या समाजाचे कितीतरी व्यापारी व कारागीर टेम्पो-ट्रकच्या जोरावर धंदा करतात. मुंबई-गोवा महामार्ग असो, महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट असो की भोरकडे जाणारा वरंध घाट. पावसात गाडी घसरली की कठडा मोडतो, नाहीतर विजेचा खांब पडतो. मग बांधकाम खाते किंवा महावितरण नुकसानीची रक्कम मागते. "विमा आहे ना!" म्हणून आपण निर्धास्त राहतो. तसे राहण्यापूर्वी पॉलिसी उघडून पाहावी, असे आम्ही सुचवतो.

विम्याविषयी आपल्यात मतभेद असले, तरी थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. त्यात माणसांबरोबर दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते, आणि सरकारी मालमत्ता ही दुसऱ्याचीच मालमत्ता. तिची मर्यादा नेहमीच्या पॉलिसीत मोटार व व्यापारी वाहनांना ७.५ लाख, तर दुचाकीला १ लाख रुपये असते. मात्र हप्त्यात शे-दोनशे रुपयांची सूट घेऊन ती अवघ्या ६,००० रुपयांवर आणलेली असू शकते. अशा वेळी भरपाई ४०,००० ठरली, तर उरलेले ३४,००० मालकाच्या खिशातून जातात.

दुसरी अट मालवाहू गाडीवाल्यांनी नीट वाचावी. गाडी पुलाच्या कठड्याला धडकली तर ते नुकसान विम्यात येते. पण गाडीच्या किंवा मालाच्या वजनाने, हादऱ्याने पूल, रस्ता अथवा वजनकाटा खचला, तर व्यापारी वाहनाच्या नेहमीच्या पॉलिसीत तो धोका वगळलेला असतो. जांभा, वाळू, खडी जादा भरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्याच गाडीतला मालही थर्ड पार्टीत धरला जात नाही.

अपघात झाल्यावर पळून जाऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जागेवर पोलीस नसतील तर लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, जवळच्या ठाण्यात खबर द्यावी. विमा कंपनीला लेखी कळवावे. फोटो काढून ठेवावेत. कंपनीच्या लेखी संमतीवाचून जागेवर चूक कबूल करू नये, पैसेही देऊ नयेत. पॉलिसीची तशी अट असते. चालकाचा परवाना व गाडीची कागदपत्रे चालू नसतील, तर कंपनी जबाबदारी नाकारू शकते किंवा दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

दुसऱ्याचे नुकसान भरून देणे आपल्या दीननेही बंधनकारक मानले आहे. म्हणून पुढच्या नूतनीकरणाला शे-दोनशे वाचवण्याआधी मालमत्तेच्या रकान्यातला आकडा एजंटाकडून वाचून घ्यावा.