कोल्हापूर-नांदेड हवाई अंतर फक्त ४२५ किमी. मग ‘एक तासात पोहोचाल’ हे खरं का?

कोल्हापूरहून नांदेड विमानाने किती लांब, असं मोबाइलवर शोधलं की उत्तर लगेच मिळतं: सुमारे ४२५ किलोमीटर, वेळ साधारण एक तास. रस्त्याने नऊ-दहा तास घालवणाऱ्यांना हा आकडा सुखावतो. पण त्यावर विसंबून दवाखान्याची अपॉइंटमेंट किंवा मुलाखतीची वेळ ठरवण्याआधी तो कुठून येतो, हे समजून घ्या.

४२५ किमी कसे मोजले?

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर काढलं जातं. विमान वाहतुकीच्या भाषेत हे सुमारे २३० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं, धावपट्टीच्या दिशेनुसार वळसा घेतं. त्यामुळे अंतर थोडं वाढतं.

‘एक तास’ कुठून आला?

अनेक संकेतस्थळं ताशी ८०० किमी वेग धरतात आणि उड्डाण-लँडिंगसाठी अर्धा तास जोडतात. ४२५ किमीला ३२ मिनिटं, अधिक ३० मिनिटं. झाला तास!

पण हा वेग जेट विमानाचा. छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा एटीआर ७२ हे पंख्याचं विमान येतं. त्याचा वेग ताशी सुमारे ५०० किमी. म्हणजे नुसतं अंतर कापायलाच ५१ मिनिटं. वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जायलाही वेळ लागतो. हे धरलं तर सव्वा तास होतो.

खरी अडचण वेगळीच

हा आकडा म्हणजे गणित आहे, वेळापत्रक नाही. त्या मार्गावर विमान असो वा नसो, संकेतस्थळ वेळ दाखवतंच.

थेट विमान नसेल आणि हैदराबादमार्गे जावं लागलं तर? कोल्हापूर-हैदराबाद सुमारे ४४५ किमी, हैदराबाद-नांदेड सुमारे २४५ किमी. एकूण ६९० किमी, म्हणजे २६५ किमी जास्त. त्यात हैदराबादला दोन-तीन तास थांबावं लागलं आणि कोल्हापुरात तासभर आधी पोहोचायचं धरलं, तर ‘तासाचा’ प्रवास सहा तासांवर जातो.

‘उडान’चा फायदा मिळेल?

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ची पहिली विमानं झेपावली, त्यात नांदेड-हैदराबादही होतं. सुमारे ५०० किमी किंवा तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये भाडं, अशी या योजनेची मूळ चौकट. ४२५ किमी त्यात बसतात. मात्र हे भाडं मंजूर मार्गावर आणि ठरावीक जागांनाच लागू होतं.

तिकीट काढण्याआधी हे तपासा

- थेट विमान आहे का, आणि आठवड्यातून कोणत्या दिवशी?
- विमान बदलायचं असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर आहेत का? वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर सुटलेल्या दुसऱ्या विमानाचा भुर्दंड सहसा तुमच्यावरच पडतो.
- पावसाळ्यात ढग खाली आले की विमान दुसरीकडे वळवलं जाऊ शकतं. महत्त्वाचं काम असेल तर एक दिवस आधी निघा.

थोडक्यात, अंतर नकाशावर बघा, पण वेळ मात्र विमान कंपनीच्या वेळापत्रकातच बघा.