धावपटूचा हिवाळा

डिसेंबरच्या पहाटे गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात कोणी गेला, तर काळोखातही तेथे गर्दी दिसते. कानटोपी घालून फिरणारी वडीलधारी मंडळी असतात. पण खरी गर्दी असते ती भरतीच्या मुलांची. बीड, जालना, परभणीकडून येऊन, येथे खोली करून राहिलेली ही मुले. पोलिसाची किंवा सैन्याची नोकरी मिळणे न मिळणे हे १६०० मीटरच्या वेळेवर अवलंबून, म्हणून रोज येतात, हातपाय झटकतात आणि जीव खाऊन धावतात. मग गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकीत उभी राहतात. आम्ही कॉलेजच्या संघातले तिघे-चौघे मात्र त्यांच्या बाजूने गप्पा मारीत सावकाश जात असतो. "एवढं हळू पळून काय होणार रे?" असे त्यांच्यातल्या एकाने मला विचारले. धावता धावता त्याला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हिवाळाच का, ते पाहू. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात तिच्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो; बाकीची उष्णता होते. ही उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळवावे लागते, घाम गाळावा लागतो. म्हणजे उन्हाळ्यात हृदयाला एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करावी लागते: पायांची आणि कातडीची. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी गाठतो, तेव्हा लांब पल्ला म्हणजे शिक्षाच. थंडीत पहाटे तोच पारा दहा-बारा अंशांच्या आसपास असतो. वेग तोच, अंतर तेच, पण नाडीचे ठोके कमी. त्यामुळे जास्त धावता येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावता येते.

या 'पुन्हा'तच सारे आहे. दम वाढतो म्हणजे काय होते? हृदय दर ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि पेशींतील मायटोकॉन्ड्रिया, जेथे प्राणवायूच्या साहाय्याने शक्ती तयार होते, त्या संख्येने व आकाराने वाढतात. हे बांधकाम दिवसांत होत नाही; त्याला आठवडे आणि महिने लागतात. जीव तोडून माणूस दहा-पंधरा मिनिटे धावेल. बोलता येईल अशा वेगाने तो सव्वा तास धावू शकतो. आणि १६०० मीटर ही केवळ वेगाची शर्यत नव्हे. पाच-सहा मिनिटांच्या या धावेत सुमारे चार-पंचमांश शक्ती प्राणवायूवरच मिळते. भरतीच्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

न्यूझीलंडचे आर्थर लिडियर्ड हे बुटांच्या कारखान्यात काम केलेले गृहस्थ. प्रयोग त्यांनी स्वतःच्या शरीरावर केले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके मिळविली: पीटर स्नेलने ८०० मीटरला आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरला. त्यांतला स्नेल पावणेदोन मिनिटांच्या शर्यतीसाठी पायाभरणीच्या काळात आठवड्याला १६० किलोमीटरपर्यंत धावे. हे ऐकून पुष्कळांनी त्या वेळी कपाळाला हात लावला असेल!

इतक्या दूर तरी कशाला जावे? बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळे यांचे गाव. बारावीनंतर ते सैन्यात गेले, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिले, राजस्थानातही राहिले, आणि शर्यतीच्या धावण्याकडे वळले ते २०१५ च्या सुमारास. त्यांची शर्यत स्टीपलचेस: ३००० मीटर, त्यात २८ अडथळे आणि पाण्यावरच्या ७ उड्या. गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम त्यांनी २०१८ मध्ये मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत त्यांना रौप्यपदक मिळाले; सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या अवघ्या वीसाव्या भागाने. आता दुसरा आकडा पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीला त्यांनी अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली होती. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बर्मिंगहॅमला किलोमीटरला साधारण २ मिनिटे ४४ सेकंद, दिल्लीला २ मिनिटे ५२. अंतर सातपट, आणि वेगातला फरक किलोमीटरमागे आठ सेकंद! अडथळ्यांनी वेळ खाल्ला हे खरे; तरीही त्या आठ मिनिटांमागे केवढा दम उभा आहे हे यावरून कळते.

हे सारे ज्ञान मला उशिरा झाले. गेल्या वर्षी मीही भरतीच्या मुलांसारखाच रोज घड्याळ लावून धावत होतो. दोन आठवडे वेळ सुधारली, तिसऱ्या आठवड्यात अडकली, आणि जानेवारीत उजव्या नडगीने दगा दिला. २६ जानेवारीच्या शर्यतीत मी मित्रांचे स्वेटर सांभाळीत उभा होतो.

यंदा आठवड्यातले पाच दिवस सावकाश. रविवारी संकुलातून निघून सूतगिरणी चौक, मग बीड बायपास ओलांडून साताऱ्याच्या खंडोबापर्यंत, आणि अंगात जोर असेल तर पुढे डोंगराच्या पायथ्याचा चढ. घड्याळ खोलीवर ठेवतो. वेगाचा सराव एकच दिवस. थंडीत तहान लागत नाही, पण आपली हवा कोरडी असल्याने पाणी आठवणीने प्यावे लागते. घरून आलेली बाजरीची भाकरी आणि शेंगदाणे-गूळ यांबद्दल मात्र कोणी आठवण करून द्यावी लागत नाही.

स्थानिक शर्यतींविषयी थोडे सांगितले पाहिजे. प्रजासत्ताक दिन, शिवजयंती अशा निमित्ताने गावोगावी दौड होते. अंतर पुष्कळदा मोटरसायकलच्या काट्यावर मोजलेले असते, त्यामुळे तेथल्या 'दहा किलोमीटर'च्या वेळेवर फुशारकी मारू नये; क्रमांक तेवढा खरा. शिट्टी वाजताच शाळकरी पोरे बाणासारखी सुटतात आणि त्यांच्या नादाने मोठेही. पहिल्या किलोमीटरला मागे राहणे मनाला फार जड जाते. यंदा मी राहिलो. सहाव्या किलोमीटरनंतर पुढचे एकेक करून भेटू लागले, आणि मी अकरावा आलो. बक्षीस पहिल्या दहांना होते.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आता आठवड्यातून चार दिवस आमच्याबरोबर धावतो. त्याच्या मैदानी चाचणीला अजून अवकाश आहे. त्याचा विश्वास बसलेला नाही, दर दोन फेऱ्यांनी "आता तरी जोरात जाऊ?" असे विचारतो. पण येतो.