एक चिन्ह, अनेक उच्चार

मराठी मुलगा '२' हा अंक लहानपणीच शिकतो. परंतु ह्या एका अंकाचे तो किती उच्चार करतो, हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही. अंक एकटा असला, की तो 'दोन' म्हणतो. पाढा म्हणताना तोच अंक 'बे' होतो. शेजारी आणखी एक अंक येऊन २२ झाले, की 'बावीस' असा उच्चार होतो; आणि '२रा' असे लिहिले, की 'दुसरा'. आकृती तीच आणि अर्थही तोच. उच्चार मात्र सोबतीप्रमाणे बदलतो. 'क' ह्या अक्षराचे तसे नाही. तो कोणत्याही शब्दात आला, तरी 'क'च राहतो. अक्षर ध्वनी दाखविते, तर अंक अर्थ दाखवितो.

अंकाप्रमाणे अर्थ दाखविणारी चिन्हे जपानी भाषेच्या लेखनात हजारोंनी आहेत. त्यांना 'कांजी' म्हणतात. प्राचीन काळी जपानी लोकांना स्वतःची लिपी नव्हती. सुमारे पाचव्या शतकात कोरियाच्या मार्गाने चिनी लेखन तेथे पोहोचले. चिनी आणि जपानी ह्या भाषा मुळातच भिन्न. तेव्हा परक्या चिन्हांनी आपली भाषा लिहावी कशी, हा मोठा प्रश्न जपानी विद्वानांपुढे उभा राहिला. तो त्यांनी कसा सोडविला, हे एका चिन्हावरून समजते.

पनवेलजवळील सुकापूरहून पूर्वेकडे दृष्टी टाकली, की माथेरानच्या डोंगररांगा दिसतात. असा देखावा कोणी तीनच उभ्या रेघांनी काढू म्हटले, तर मधली रेघ उंच, दोन्ही बाजूंच्या रेघा आखूड आणि तिन्हींना जोडणारी एक आडवी रेघ पायथ्याशी, असे चित्र होईल. 'डोंगर' ह्या अर्थाची कांजी नेमकी अशीच आहे. ती लिहिण्याचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम मधली उभी रेघ काढावयाची. मग हात न उचलता डावी उभी व पायथ्याची आडवी. आणि शेवटी उजवी उभी रेघ.

ह्या चिन्हाला चिनी लोक 'शान' म्हणत. जपानी लोकांनी तो उच्चार आपल्या जिभेला साजेल असा 'सान' करून घेतला. परंतु डोंगराला त्यांचा स्वतःचा 'यामा' हा जुना शब्द होताच. तो त्यांनी टाकून दिला नाही, तर त्याच चिन्हाला जोडला. अशा रीतीने एका चिन्हाचे दोन उच्चार झाले. चीनकडून आलेल्या उच्चाराला 'ओन्योमी' आणि मूळच्या जपानी उच्चाराला 'कुन्योमी' म्हणतात.

कोठे कोणता उच्चार करावयाचा, हे समजण्यास मराठीचेच उदाहरण उपयोगी पडते. मराठी मनुष्य 'डोंगर चढलो' असे म्हणतो. परंतु त्या छंदाला तो 'डोंगरचढण' न म्हणता 'गिर्यारोहण' म्हणतो. एकटा असताना घरगुती शब्द आणि समासात संस्कृत शब्द, अशी ही वाटणी आहे. जपानीतही बहुधा तसेच घडते. नुसता डोंगर असला, की 'यामा'; गिर्यारोहण असले, की 'तोझान'. ज्वालामुखीला 'काझान' म्हणतात. त्यातील 'का' म्हणजे अग्नी. संधीत जसा 'क्'चा 'ग्' होतो, तसा येथे 'सान'चा 'झान' झाला आहे. भेद एवढाच, की मराठीत 'डोंगर' आणि 'गिरी' हे शब्द वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. जपानीत दोन्हींसाठी एकच चिन्ह असते.

कांजीचे उच्चार महाराष्ट्रातही कानी पडतात. १९३३ साली निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचा मंत्र सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला. सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमस्कार, असा त्याचा अर्थ आहे. तो सात कांजींनी लिहितात : ना, मु, म्यो, हो, रेन, गे, क्यो. ह्यांपैकी 'रेन' म्हणजे कमळ, 'गे' म्हणजे फूल आणि 'क्यो' म्हणजे सूत्र. परंतु पहिल्या दोन चिन्हांचा मूळ अर्थ पाहिला, तर तो 'दक्षिण' आणि 'नाही' असा निघतो! येथे त्या अर्थाशी काही संबंध नाही. संस्कृतातील 'नमः' हा ध्वनी लिहिण्यासाठी ती दोन चिन्हे केवळ उच्चारापुरती घेतलेली आहेत. 'गे' ह्या फुलाच्या चिन्हाचीही तीच कथा. पुष्परचनेच्या कलेच्या 'कादो' ह्या नावात ते 'का' होते, आणि 'शोभिवंत' अशा अर्थाच्या 'हानायाका' ह्या शब्दात 'हाना'.

इतके उच्चार जपानी मुले कशी शिकतात? प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत त्यांना १,०२६ कांजी शिकाव्या लागतात, आणि सामान्य व्यवहारासाठी ठरविलेल्या यादीत एकूण २,१३६ कांजी आहेत. बालवाचनाच्या पुस्तकांत कठीण कांजीशेजारी बारीक ध्वन्यक्षरांत तिचा उच्चार छापतात. ह्या ध्वन्यक्षरांचा क्रम 'अ, इ, उ, ए, ओ' असा सुरू होतो. मग 'क, स, त, न' इत्यादी ओळी येतात. बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो आला आहे. तथापि, उच्चारांची नुसती यादी पाठ करून कांजी येत नाही. 'यामा' आणि 'सान' हे दोन उच्चार घोकणारा विद्यार्थी वाचताना अडखळतो. 'तोझान' आणि 'काझान' हे शब्द अर्थासह शिकणारा अडखळत नाही. मराठी मुलालाही 'बे' हा उच्चार अंकाकडे पाहून नव्हे, तर पाढा म्हणतानाच साधला.

मराठी मुलाला बाराखडी आली, की अपरिचित शब्दही मोठ्याने वाचता येतो. मात्र त्याचा अर्थ कळेलच असे नाही. जपानी मुलाला अपरिचित शब्दाचा उच्चार पुष्कळदा करता येत नाही. तरी ओळखीच्या चिन्हांवरून त्याच्या अर्थाचा तर्क करता येतो. प्रत्येक लिपी काही सोपे करते आणि त्याचे मोल दुसरीकडे घेते. जपानी लोकांनी मात्र हे मोल देताना एक गोष्ट सांभाळली. लेखन त्यांनी परक्यांकडून घेतले. पण त्यापायी आपल्या डोंगराचे नाव त्यांनी गमावले नाही.