रक्तातील बिंबिकांचा कारखाना

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली, की ‘आज प्लेटलेट किती?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. प्लेटलेट म्हणजे रक्तातील बिंबिका. रक्तवाहिनीला चीर पडली, की बिंबिका तेथे चिकटतात आणि ती बुजवतात. एका घनमिलिमीटर रक्तात त्या सुमारे १.५ ते ४.५ लाख असतात. पण त्यांचे आयुष्य अवघे ८ ते १० दिवसांचे! म्हणून शरीराला रोज सुमारे १०,००० कोटी नव्या बिंबिका घडवाव्या लागतात. कोठे आणि कशा?

हे काम चालते हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत. तेथे एक विलक्षण पेशी वाढत असते. सामान्य पेशी आपल्या गुणसूत्रांचे संच दुप्पट करते आणि मग दुभंगते. ही पेशी संच दुप्पट करते, पण दुभंगत नाही! २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६, कधी ३२ आणि ६४ सुद्धा. अशी ती ५० ते १०० मायक्रॉन व्यासाची होते. तांबडी पेशी तिच्यापुढे जेमतेम ७-८ मायक्रॉनची. हिचे नाव मेगाकॅरिओसाइट, म्हणजे मोठ्या केंद्रकाची पेशी. संच जितके जास्त, तितका बिंबिकांसाठी लागणारा माल अधिक.

पक्व झालेली पेशी मज्जेतील रक्तवाहिनीला खेटते आणि तिच्या भिंतीतून लांब धाग्यांसारखे फाटे आत सोडते. वाहत्या रक्ताच्या ओढीने ते तुटतात. त्यांच्याच हजारो बिंबिका होतात. मागे उरते केवळ केंद्रक. बिंबिका या पेशीचेच तुकडे आहेत, हे जेम्स होमर राइट यांनी १९०६ साली दाखवून दिले.

पण किती घडवायच्या, हे मज्जेला कसे कळते? गच्चीवरील टाकीतला तरंगता गोळा आठवा. पाणी उतरले, की गोळा खाली येतो आणि नळ उघडतो. येथे गोळ्याचे काम थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक करते. यकृत ते रक्तात सोडते, बिंबिका ते शोषून घेतात. बिंबिका घटल्या, की ते शिल्लक राहते, मज्जेत पोचते आणि नव्या मेगाकॅरिओसाइट वाढू लागतात.

डेंग्यूत मज्जेचे काम मंदावते आणि रक्तातील बिंबिकाही नष्ट होतात. नवी पेशी पक्व व्हायला काही दिवस लागतात; म्हणून आकडा एका रात्रीत चढत नाही. तोवर रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावे आणि घाबरून जाऊ नये. बहुतेक रुग्णांत हा कारखाना पुन्हा जोमाने सुरू होतो.