लांडगा आणि मेंढरू : दोन्ही बाजूंची हकिगत

गुरुजींनी विषय दिला, "लांडगा राखावा की मारावा? दोन्ही बाजू ऐकून लिहा." मी मामांबरोबर स्वारगेटला गेलो होतो. बारामती भागातली, म्हणजे लांडग्याच्याच माळावरची माणसे तिथे एस.टी.साठी थांबतात. तेव्हा वही काढली आणि विचारू लागलो.

एक धनगर आजोबा म्हणाले, "वाघरीतनं दोन मेंढरं नेली बघ. भरपाई मिळतीया म्हंत्यात, पर पंचनामा होईस्तोवर कळप थांबतोय व्हय? दुसऱ्या दिशी आमचा मुक्काम पुढच्या गावाला." मग मी विचारले, "लांडगा मारून टाकावा का?" तर म्हणाले, "न्हाई. त्येचाबी वाटा हाय." याची मला फार गंमत वाटली. ज्याचे नुकसान झाले तोच असे बोलतो! शेजारचा तरणा गडी मात्र म्हणाला, "एकदाचा संपवा."

आता लांडग्याची बाजू. तो काही स्वारगेटला येत नाही, म्हणून ती पुस्तकातून व गुरुजींकडून घेतली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारण्यास बंदी आहे. 2022 साली संशोधकांनी साऱ्या देशात सुमारे 3,100 लांडगे असल्याचा अंदाज दिला, म्हणजे वाघांहूनही कमी! त्याचे घर म्हणजे गवताळ माळ. कागदोपत्री त्याला ‘पडीक’ म्हणतात. माळ नांगरला, प्लॉट पडले, ससे-हरणे कमी झाली. मग लांडगा मेंढराकडे वळणारच की! सुप्याला 1997 पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे, पण ते जेमतेम 5 चौरस किलोमीटर. लांडगा एका रात्रीत त्याच्या पार पलीकडे जातो.

आणखी एक गोष्ट, मोकाट कुत्री. तीही मेंढरे फाडतात आणि नाव लांडग्याचे होते. त्यांचे रोगही लांडग्यांना लागतात.

दोन्ही बाजू लिहायच्या म्हणजे दोष निम्मा-निम्मा वाटायचा, असे काही मुले म्हणाली. मला ते पटत नाही. माझ्या मते लांडगा राहावा, पण त्याच्या जेवणाचा खर्च एकट्या धनगराने का सोसावा? फिरत्या कळपाचा पंचनामा त्याच दिवशी झाला पाहिजे.

पालकांसाठी : लांडग्याने जनावर मारल्यास ते जागेवरून हलवू नये आणि 48 तासांच्या आत वनखात्याला कळवावे. शिवारात मेंढरे बसवली असतील, तर धनगरांनाही हे सांगावे.