काळ्या मुठीचा चाकू

पोस्टाची तिकिटे, नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रे जमवणारे तुमच्या वर्गात कोणी ना कोणी असेलच. तसेच जुने घडीचे चाकू जमवणारे छांदिष्टही जगात पुष्कळ आहेत. काळ्या किंवा गडद तपकिरी लाकडी मुठीच्या चाकूंवर त्यांचा विशेष जीव असतो. अशा चाकूंसाठी इंग्लंडमधील शेफील्ड हे शहर फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तिथला एखादा जुना चाकू हाती आला, तर आधी काय करावेसे वाटते? घासूनपुसून लख्ख करावेसे! पण थांबा. तसे केले तर त्याची जन्मपत्रिकाच पुसली जाईल. ती कशी वाचायची, ते आपण पाहू या.

प्रथम मूठ पाहा. काळे लाकूड बहुधा अबनुसाचे असते आणि तपकिरी, जांभळट रेषांचे शिसवाचे. ज्या टेंभुर्णीच्या पानांत विडी वळतात, ती अबनुसाच्याच कुळातली. झाडाच्या खोडात बाहेरच्या बाजूला फिकट रसकाष्ठ असते. त्यातून पाणी वर चढते. आतल्या जुन्या पेशी मरतात, त्यांत रंगीत रसायने साठतात आणि गडद, कठीण मध्यकाष्ठ तयार होते. मूठ होते ती या मध्यकाष्ठाची. अबनूस इतका घट्ट असतो, की त्याचा तुकडा सहसा पाण्यात बुडतो. साग मात्र तरंगतो.

मुठीवर रिव्हेटपासून निघालेली बारीक चीर दिसते का? लाकूड सुकले की रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, उभ्या दिशेने जवळजवळ नाही. आतली धातूची पट्टी मुळीच आकसत नाही. मग लाकडावर ताण पडतो आणि ते रिव्हेटपाशी तडकते. म्हणून असा चाकू उन्हात ठेवू नये आणि पाण्यात भिजवू नये.

आता पाते. जुने पाते साध्या पोलादाचे असते. त्यात लोखंडाबरोबर थोडा कार्बन असतो. फळे कापून कापून त्यावर निळसर करड्या रंगाचा पातळ थर चढतो. हा थर घाण नव्हे. तो खालच्या पोलादाला थोडेफार संरक्षणच देतो. तांबडा गंज मात्र वेगळा. तो भुसभुशीत असतो आणि पोलाद आतपर्यंत खात जातो. तांबडा गंज तेलाच्या फडक्याने हलकेच काढावा, करडा थर तसाच राहू द्यावा.

पात्याच्या मुळाशी ठसा असतो. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे असली, तर तो राणी व्हिक्टोरियाच्या काळाचा, म्हणजे 1837 ते 1901 मधला, संकेत असतो. ‘स्टेनलेस’ असा शब्द असला, तर ते पाते 1913 पूर्वीचे असूच शकत नाही. त्या वर्षी शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी सुमारे 13 टक्के क्रोमियम असलेले, न गंजणारे पोलाद तयार केले. हे ठसे फार उथळ असतात. पॉलिश कागदाने चार हात मारले, की पुरावा गेलाच म्हणून समजा!

पाते उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो. पाठीमागची पोलादी स्प्रिंग पात्याच्या मुळावर दाब देत असते, त्याचा हा आवाज. पाते आणि स्प्रिंग या दोघांनाही तापवून पाणी दिलेले असते. पण पुन्हा तापवताना पाते गवती पिवळ्या रंगावर, सुमारे 230 अंश सेल्सिअसला थांबवतात. म्हणजे ते कठीण राहते. स्प्रिंग निळ्या रंगापर्यंत, सुमारे 300 अंशांपर्यंत नेतात. म्हणजे ती न मोडता लवते.

काळी मूठ नेहमी अबनुसाचीच असते असे नाही, बरे का! साधे लाकूड काळे रंगवूनही फसवतात. झिजलेल्या कडेला खालून फिकट लाकूड डोकावले, तर ओळखा. ही युक्ती शाळेत करून पाहा. लोखंडी खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा. बाटलीचे झाकण सैल असू द्या. बाभळीच्या लाकडाचा तुकडा कडक चहात भिजवून सुकवा आणि त्यावर ते पाणी लावा. लाकूड काळवंडेल. टॅनिन आणि लोह यांचा हा संयोग. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच रसायनाने काळी होत असे.

चाकू हाताळायचा तो मोठ्या माणसांच्या समोरच. तो शाळेत किंवा प्रवासात कधीही नेऊ नये.

आणखी एक गोष्ट. असे मध्यकाष्ठ तयार होण्यास अनेक दशके लागतात, झाड तोडायला एक दिवस पुरतो. ब्राझीलच्या शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1992 मध्ये बंदी आली. 2017 पासून आपल्या शिसवासह त्या प्रजातीतील सर्व झाडांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले. तेव्हा जुनी मूठ तडकली म्हणून ती फेकून नवी बसवण्याची घाई करू नका. त्या चिरेसकट ती जपली, तर चाकूचा इतिहासही राहतो आणि रानातले एक झाडही उभे राहते.